दिवाणखान्यातील संगणक : वेग, उष्णता आणि आवाज

कचेरीत ठेवलेला संगणक थोडासा घरघरला तरी कोणाचे त्याकडे लक्ष जात नाही. दिवाणखान्याची गोष्ट वेगळी आहे. तेथे एकजण खेळत असतो, त्याच वेळी दुसरा वाचत असतो, कोपऱ्यात कोणी अभ्यासाला बसलेले असते आणि आजोबांचा डोळा नुकताच लागलेला असतो. अशा खोलीत ठेवावयाचे यंत्र लहान असावे आणि त्याचा आवाज कानांवर येऊ नये, ही घरच्या मंडळींची अपेक्षा अगदी वाजवी होय. परंतु खेळांसाठी वापरला जाणारा संगणक हा घरातील सर्वांत कष्टकरी संगणक असतो. पत्र लिहिताना किंवा हिशेब करताना संगणक बहुतेक वेळ स्वस्थ बसलेला असतो; खेळाचे दृश्य काढताना मात्र त्याला दर सेकंदास साठ संपूर्ण चित्रे नव्याने रेखाटावी लागतात, आणि हे काम तासन्‌तास अखंड चालते.

लहान, वेगवान आणि शांत हे तीन गुण एका पेटीत एकत्र आणणे कठीण का जाते, आणि जुने झालेले असे यंत्र थोडक्या खर्चात सुधारावयाचे असेल तर कोणती दुरुस्ती आधी व कोणती मागाहून करावी, हे ह्या पाठात पाहावयाचे आहे. क्रमाला येथे फार महत्त्व आहे. पुष्कळ लोक सर्वांत महाग भाग सर्वांत आधी विकत घेतात. यंत्र पूर्वीपेक्षा अधिक आवाज करू लागते, खेळ मात्र होता तेथेच राहतो, आणि मग वैतागून संपूर्ण यंत्र अडगळीत टाकले जाते.

उदाहरणादाखल आपण एक प्रत्यक्ष यंत्र घेऊ. व्हॉल्व्ह ह्या अमेरिकन खेळ-कंपनीने २०१३ च्या सप्टेंबरात ‘स्टीम मशीन’ ही कल्पना जाहीर केली. दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचा, दिसण्यात खेळपेटीसारखा परंतु अंतरंगात खराखुरा संगणक असलेला असा हा प्रकार होता. निरनिराळ्या कंपन्यांनी ही यंत्रे बनवावीत असे ठरले होते. त्यांसाठी लागणारी कार्यप्रणाली व नियंत्रक वेळेवर तयार झाले नाहीत; तेव्हा डेल कंपनीच्या एलियनवेअर ह्या शाखेने २०१४ च्या नोव्हेंबरात आपले यंत्र विंडोज ८.१ घालून ‘एलियनवेअर अल्फा’ ह्या नावाने बाजारात आणले. लांबी-रुंदी सुमारे २० सेंटिमीटर, उंची सुमारे साडेपाच सेंटिमीटर. म्हणजे मिठाईच्या एका चौकोनी पेटीएवढाच आकार. सर्वांत स्वस्त नमुन्यात इंटेलचा कोअर आय-३ ४१३०टी हा दोन गाभ्यांचा प्रोसेसर, ४ गिगाबाइट रॅम, मिनिटास ५,४०० फेरे फिरणारी ५०० गिगाबाइटची हार्ड डिस्क आणि एन्व्हिडियाची मॅक्सवेल घराण्यातील ग्राफिक्स चिप असा ऐवज होता. त्या चिपला स्वतःची २ गिगाबाइट स्मृती होती. वीजपुरवठा पेटीबाहेरील १३० वॅटच्या अडॅप्टरमधून होई.

ह्या यंत्राची निवड करण्याचे कारण असे की, त्यात बदलता येणारे आणि न बदलता येणारे असे दोन्ही प्रकारचे भाग आहेत. डिस्क, रॅम व प्रोसेसर काढून दुसरे बसविता येतात. ग्राफिक्स चिप मात्र मदरबोर्डाला डाख देऊन कायमची जोडलेली आहे. वाचकाजवळ दुसऱ्या कोणत्या कंपनीची लहान पेटी असली तरी पुढील विवेचन बहुतांशी तिलाही लागू पडेल.

उष्णतेचा हिशेब

संगणकात शिरलेल्या विजेचे शेवटी काय होते? पंख्याने हवेला दिलेली गती आणि दिव्यांचा प्रकाश एवढा क्षुल्लक भाग सोडला, तर ती सगळी वीज तेथल्या तेथे उष्णता होते. संगणक भार उचलीत नाही की पाणी चढवीत नाही. तो जी गणिते सोडवितो ती पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडतात. खेळताना शंभर वॅट वीज घेणारी पेटी ही शंभर वॅटची एक शेगडीच समजावी.

ही उष्णता बाहेर नेण्यास किती हवा लागेल, हे कागदावर काढता येते. एक घनमीटर हवेचे तापमान एक अंशाने वाढविण्यास सुमारे १,२०० ज्यूल उष्णता लागते. शंभर वॅट म्हणजे दर सेकंदास शंभर ज्यूल. पेटीतून बाहेर पडणारी हवा आत शिरणाऱ्या हवेपेक्षा फक्त १० अंशांनी अधिक गरम असावी असे म्हटले, तर दर सेकंदास सुमारे सव्वाआठ लिटर हवा आतून वाहिली पाहिजे. २० अंशांची वाढ चालत असेल तर चार लिटरांच्या आसपास हवा पुरते. मोठ्या पेटीत ही हवा रुंद वाटेने सावकाश जाते. साडेपाच सेंटिमीटर उंचीच्या पेटीत तिला अरुंद फटींतून आणि दाट पात्यांतून घुसावे लागते. म्हणून पंखा लहान, आणि लहान म्हणून त्याला फार जलद फिरणे भाग पडते. लहान पेटी वेगवान असूनही शांत ठेवणे अवघड का, ह्याचे मूळ ह्या अरुंद वाटेत आहे.

पंख्याच्या बाबतीत तीन नियम ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. हवेचा प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात वाढतो. हवेचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आणि पंख्याला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. आवाज ह्याहूनही झपाट्याने चढतो. अनुभवावरून बसविलेला नियम असा आहे की, पंख्याचे फेरे निम्मे केल्यास आवाज सुमारे १५ डेसिबेलांनी उतरतो. मिनिटाचे ३,००० फेरे २,४०० वर आणले, तर प्रवाह एक-पंचमांशानेच घटतो, परंतु आवाज जवळजवळ ५ डेसिबेलांनी खाली येतो. साधारणपणे १० डेसिबेलांची घट आपल्या कानाला ‘आवाज निम्मा झाला’ अशी वाटते. तात्पर्य, उष्णता थोडीशी कमी केली की शांततेचा लाभ त्या मानाने बराच मोठा होतो.

केवळ डेसिबेलांनीही काम भागत नाही. पंख्याची पाती एका ठराविक जागेवरून दर सेकंदास जितक्या वेळा जातात तितक्या कंपनसंख्येचा एक सूर त्यातून निघतो. समजा, तीस पात्यांचा पंखा मिनिटास ३,००० म्हणजे सेकंदास ५० फेरे फिरत आहे. त्याचा सूर १,५०० कंपनांचा होईल. फेरे वाढले म्हणजे हा सूर दोन ते पाच हजार कंपनांच्या टापूकडे सरकतो, आणि त्या टापूत मनुष्याचा कान सर्वांत तिखट असतो. ह्यास्तव छतावरच्या मोठ्या पंख्याखाली सुखाने झोपणारा माणूस ह्या चिमुकल्या पंख्याच्या शिटीने जागा होतो.

आता वेगाकडे वळू. प्रोसेसरमधील असंख्य स्विचे दर स्पंदाला थोडा विद्युत्‌भार भरतात व रिता करतात. त्यासाठी खर्ची पडणारी शक्ती ही स्पंदसंख्या आणि विद्युत्‌दाबाचा वर्ग ह्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. दाब दहा टक्क्यांनी उतरविला तर शक्ती जवळपास एकोणीस टक्क्यांनी कमी होते. चिपचे तापमान मर्यादेपलीकडे, म्हणजे ह्या काळातील अनेक प्रोसेसरांच्या बाबतीत सुमारे १०० अंशांपलीकडे, जाऊ लागले की ती आपण होऊन स्पंदसंख्या घटविते. हे तिचे आत्मरक्षण आहे. खेळणाऱ्याला मात्र एवढेच दिसते की, पहिली दहा-पंधरा मिनिटे सुरळीत चाललेला खेळ पुढे अडखळू लागला आणि पंखा शिगेला पोचला. वेग आणि शांतता ह्या दोन परस्परविरोधी मागण्या आहेत असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः दोहोंच्याही आड येणारा शत्रू एकच, तो म्हणजे वेळेवर बाहेर न गेलेली उष्णता.

आपल्या देशात ह्याला हवामानाचीही जोड मिळते. चिप किती तापेल हे खोलीच्या तापमानावर अवलंबून असते, कारण पंखा तिला खोलीतील हवेपेक्षा अधिक थंड करूच शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत जी चिप ८५ अंशांवर स्थिर राहते, ती हवेपेक्षा ६० अंशांनी वर असते. नागपूर किंवा जयपूर येथील मे महिन्याच्या दुपारी खोलीतील हवाच ४० अंशांवर असेल, तर त्याच कामाला, त्याच पंख्याला आणि त्याच फेऱ्यांना ती चिप १०० अंशांना भिडेल. थंड देशात केलेल्या चाचण्यांचे आकडे वाचून येथे यंत्र घेणाऱ्याने हा फरक मनात धरावा.

आधी मोजावे

कोणताही भाग उघडण्यापूर्वी यंत्राची आजची स्थिती लिहून ठेवावी. त्यासाठी महागडी उपकरणे नकोत. बटण दाबल्यापासून पडदा वापरण्याजोगा होईपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजावा. एक ठराविक खेळ, ठराविक जागी, अर्धा तास चालवून प्रोसेसर व ग्राफिक्स चिप ह्यांचे तापमान, पंख्याचे फेरे आणि दर सेकंदाची चित्रसंख्या टिपून घ्यावी. ही माहिती दाखविणारे मोफत कार्यक्रम उपलब्ध आहेत. आवाजासाठी भ्रमणध्वनीवरील ध्वनिमापक पुरतो. त्याचा आकडा शास्त्रशुद्ध नसतो हे खरे, परंतु तो एकाच जागी ठेवून मोजला तर आधीची आणि नंतरची तुलना विश्वसनीय ठरते. खोलीचे तापमान लिहावयास विसरू नये, आणि छताचा पंखा बंद करावा.

एका वेळी एकच बदल करावा व पुन्हा मोजावे. तीन भाग एकदम बदलणाऱ्यास लाभ कशाने झाला हे कधीच कळत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतील शिस्त येथेही उपयोगी पडते.

डिस्क

पहिला पैसा डिस्कवर खर्चावा. मिनिटास ५,४०० फेरे म्हणजे एका फेऱ्यास ११.१ सहस्रांश सेकंद. हवी ती नोंद वाचन-शीर्षाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच सहस्रांश सेकंद, थांबावे लागते; त्यापूर्वी शीर्षाला योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी दहा-बारा सहस्रांश लागतात. अशा रीतीने विखुरलेल्या नोंदी काढावयाच्या झाल्यास हार्ड डिस्क सेकंदाला साठाच्या आसपासच नोंदी देऊ शकते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तिला एक नोंद काढण्यास एक-दशांश सहस्रांश सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. कार्यप्रणाली सुरू होताना हजारो लहान लहान नोंदी वाचते. म्हणून मिनिटांत मोजला जाणारा वेळ सेकंदांवर येतो.

अल्फामधील जोडणी साटा पद्धतीची आहे. तिच्यातून सेकंदास सुमारे साडेपाचशे मेगाबाइट वाहू शकतात. अडीच इंची साधी साटा एसएसडी ह्या जागी नेमकी बसते. एम.२ नावाच्या अरुंद पट्टीच्या डिस्का अधिक जलद असतात, परंतु ह्या पहिल्या अल्फात त्यांना जागा नाही. ती २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. पट्टी विकत घेऊन मागाहून हात चोळीत बसण्यापेक्षा आपल्या यंत्राची सेवा-पुस्तिका आधी पाहावी. कंपनीने ती प्रसिद्ध केलेली आहे.

ह्या बदलाने काय होणार नाही, तेही सांगितले पाहिजे. खेळाचा नवा प्रदेश उघडताना होणारा खोळंबा पुष्कळ कमी होईल. डिस्कची अखंड गुणगुण आणि शीर्षाची करकर पूर्णपणे थांबेल. परंतु खेळ सुरू झाल्यावर दर सेकंदास उमटणारी चित्रे जवळजवळ तेवढीच राहतील. ते काम डिस्कचे नव्हे.

रॅम

४ गिगाबाइट रॅम आजच्या मानाने तोकडी आहे. रॅम भरली म्हणजे कार्यप्रणाली तिच्यातील मजकूर डिस्कवर उतरवून ठेवते व लागेल तेव्हा परत आणते. खेळात मध्येच बसणारे झटके पुष्कळदा ह्या ने-आणीतून येतात. ह्यासाठी दुसरे ४ गिगाबाइटचे पान शेजारच्या रिकाम्या खाचेत बसवावे. दोन खाचा हे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. १,६०० गतीच्या डीडीआर-३ रॅमचा एक मार्ग सेकंदास १२.८ गिगाबाइट वाहतो, दोन मिळून २५.६. पान लॅपटॉपमधील आखूड घडणीचे, डीडीआर-३एल म्हणजे १.३५ व्होल्टवर चालणारे असावे. डीडीआर-४ ह्या खाचेत बसत नाही. तिची खाचणी मुद्दामच निराळ्या जागी ठेवलेली आहे. ती जोर लावून बसविण्याचा प्रयत्न करू नये.

धूळ आणि लेप

आता जे सांगावयाचे आहे त्याला जवळजवळ काहीच खर्च नाही, आणि माझ्या मते शांततेच्या दृष्टीने सर्वांत मोठा लाभ त्यातच आहे. तरीही डिस्क व रॅम ह्यांच्यानंतर त्याचा उल्लेख करण्याचे कारण असे की, त्यासाठी यंत्र अधिक खोलवर उघडावे लागते, आणि सोप्या कामांनी हात बसल्यावर ते करणे बरे.

चार-पाच वर्षे वापरलेल्या पेटीचा पंखा काढून पाहिला तर हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडाशी नमद्यासारखा धुळीचा थर आढळतो. बाहेरून तो मुळीच दिसत नाही. पंखा फिरतो, आवाज करतो, परंतु हवा पुढे जातच नाही. हा थर मऊ ब्रशाने किंवा हवेच्या फुंकाऱ्याने काढावा. फुंकताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. ती जोरात फिरू दिल्यास पंख्याचे बेअरिंग बिघडते, शिवाय फिरणारा पंखा जनित्रासारखा वागून उलट मदरबोर्डाकडे वीज लोटू शकतो.

ह्यानंतर लेप. चिपचा माथा आणि हीटसिंकचा तळ हे दोन्ही आरशासारखे गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतात. दोन्ही एकमेकांवर ठेवले की खऱ्या अर्थाने थोड्याच बिंदूंवर टेकतात. उरलेल्या खळग्यांत हवा राहते. तांब्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे पंधरा हजार पट आहे. म्हणजे केसाहून बारीक अशी हवेची फटसुद्धा उष्णतेच्या वाटेत भिंत होऊन बसते. थर्मल पेस्ट म्हणून मिळणारा लेप ह्या खळग्यांतील हवा हुसकून लावतो. तो हवेपेक्षा शेकडो पटींनी चांगला वाहक आहे, पण तांब्याच्या तुलनेत कितीतरी निकृष्ट. म्हणून तो खळगे भरण्यापुरताच असावा. अधिक लेप लावला म्हणजे अधिक थंडावा, हा समज चुकीचा आहे. जुना लेप वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने सुकून भेगाळलेला असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजविलेल्या कापडाने पुसून काढावा, मध्यभागी तांदळाच्या दोन दाण्यांएवढा नवा लेप ठेवावा, आणि हीटसिंकचे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे फिरवून घट्ट करावेत. एक बाजू आधी आवळली तर हीटसिंक तिरपा बसतो आणि सर्व खटाटोप व्यर्थ जातो.

स्मृतीच्या लहान चिपांवर कोठे मऊ गादीसारखे तुकडे चिकटविलेले दिसले, तर त्यांच्या जागी लेप लावू नये. त्या गाद्यांची जाडी मोजून ठरविलेली असते. पातळ लेपाने ती फट भरून निघत नाही.

उघडण्यापूर्वी अडॅप्टर काढावा, त्यानंतर चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे आत उरलेला भार निघून जाईल, आणि जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज घालवावी. कोरड्या हिवाळ्यात, लोकरी कपडे घालून, गालिच्यावर बसून हे काम करू नये. काढलेले स्क्रू कागदावर यंत्राची आकृती काढून जागच्या जागी टोचून ठेवले तर शेवटी एक स्क्रू उरण्याचा प्रसंग येत नाही.

प्रोसेसर

येथे सावधगिरी हवी. अल्फातील प्रोसेसर ११५० टोकांच्या बैठकीत बसतो आणि त्या बैठकीत त्याच पिढीचे इतर प्रोसेसरही बसतात. त्यामुळे अनेकांना मोह होतो. साधा कोअर आय-७ ४७९० हा ८४ वॅटचा आहे. मूळचा ४१३०टी फक्त ३५ वॅटचा. पेटीतील हीटसिंक ३५ वॅटच्या बेताने घडविलेला, आणि १३० वॅटच्या अडॅप्टरमधून ग्राफिक्स चिपलाही पोसावयाचे असते. अशा ठिकाणी ८४ वॅटचा प्रोसेसर बसविणे म्हणजे स्टोव्हसाठी केलेल्या धुराड्याला भट्टी जोडण्यासारखे आहे. तो तापेल, आपली गती आपणच घटवील, आणि पंखा अखंड ओरडत राहील.

इंटेलच्या नावात शेवटी टी हे अक्षर असले तर तो प्रोसेसर अल्पशक्तीचा समजावा. कोअर आय-५ ४५९०टी हा ३५ वॅटमध्येच चार गाभे देतो. मात्र त्याची मूळ गती २.० गिगाहर्ट्झ असून ती फार तर ३.० पर्यंत चढते. उलट जुना आय-३ कायम २.९ वर चालतो. ह्याचा अर्थ असा की, एकाच गाभ्यावर भिस्त ठेवणाऱ्या जुन्या खेळांत ह्या बदलाने जवळजवळ काहीही हाती लागणार नाही. चार गाभ्यांची अपेक्षा धरून लिहिलेल्या पुढच्या काळातील खेळांत मात्र फरक स्पष्ट दिसेल. आपण कोणते खेळ खेळतो हे पाहूनच हा खर्च करावा. ग्राफिक्स चिप आधीच पूर्ण भाराने चालत असल्याचे मोजमापात दिसत असेल, तर तो मुळीच करू नये. हे प्रोसेसर आता वापरलेलेच मिळतात. बसविताना प्रोसेसर सरळ खाली ठेवावा, बैठकीवरून घासू नये; सुईसारखी टोके बैठकीत असतात, आणि त्यांपैकी एक जरी वाकले तरी मदरबोर्ड निकामी होण्याची भीती असते.

न हलणारी भिंत

ग्राफिक्स चिप बदलता येत नाही. ही ह्या यंत्राची खरी सीमा होय, आणि तिच्या २ गिगाबाइट स्मृतीत अनेक नव्या खेळांची चित्रसामग्री मावत नाही. दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने बाहेरून मोठे ग्राफिक्स कार्ड जोडण्याची सोय दिली. पहिल्या आवृत्तीला तो उपाय नाही. तरीही ह्या भिंतीच्या अलीकडे पुष्कळ करता येते, आणि तेही फुकट.

दूरचित्रवाणीचे बहुतेक साधे संच सेकंदास साठ चित्रे दाखवितात. एखाद्या जुन्या खेळात चिप नव्वद चित्रे काढीत असेल, तर त्यांतली तीस कोणी पाहत नाही. त्यांची उष्णता मात्र पंख्याला उपसावी लागते. खेळाच्या किंवा ड्रायव्हरच्या मांडणीत साठाची मर्यादा घातली की प्रत्येक चित्रासाठी १६.७ सहस्रांश सेकंद मिळतात. चिप ते अकरा सहस्रांशांत पूर्ण करते आणि उरलेला वेळ विसावा घेते. जड खेळात चित्राची बारकाई उतरवावी. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू. १२८० गुणिले ७२० म्हणजे ९,२१,६००, पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी. आठ-दहा फुटांवरील कोचावरून, मध्यम आकाराच्या संचावर, हा फरक जितका भासेल असे वाटते तितका भासत नाही. सावल्यांची बारकाई एक पायरी खाली आणल्यास तर तो बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. चित्राचा दर्जा सर्वोच्च ठेवण्याचा हट्ट जवळून पाहण्याच्या लहान पडद्यासाठी ठीक आहे; दिवाणखान्यात तो बहुधा पंख्याच्या शिटीच्या रूपाने फेडावा लागतो.

कार्यप्रणालीचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. विंडोज ८.१ ची सुरक्षा-दुरुस्ती १० जानेवारी २०२३ रोजी थांबली आणि विंडोज १० ची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ह्या पिढीचे प्रोसेसर नाहीत. लिनक्स हा मोकळा मार्ग राहतो. २०१८ पासून व्हॉल्व्हच्या प्रोटॉन ह्या साधनामुळे विंडोजसाठी लिहिलेले पुष्कळ खेळ त्यावर चालतात. लबाडी रोखणारा पहारेकरी कार्यक्रम सोबत बाळगणारे काही सांघिक खेळ मात्र चालत नाहीत. घरातील मुलांचा आवडता खेळ त्यांपैकी आहे किंवा काय, हे आधी पाहावे, नाहीतर शांत झालेल्या यंत्राभोवती निराळाच आवाज सुरू होईल.

पेटी कोठे ठेवावी

काचेची दारे असलेल्या बंद कपाटात ठेवलेली पेटी स्वतःच बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा आत घेते. कपाटातील हवा जितक्या अंशांनी चढेल तितक्याच अंशांनी चिपही चढते. वर केलेल्या सर्व सुधारणा अशा एका दारापायी वाया जाऊ शकतात. पेटीच्या मागे हाताचा पंजा मावेल इतकी जागा सोडावी, खालच्या जाळीखाली कापड किंवा गादी येऊ देऊ नये, आणि ती पोकळ लाकडी फळीवर ठेवावयाची असेल तर पायांखाली रबराचे तुकडे द्यावेत, कारण अशी फळी तबल्याच्या कातड्याप्रमाणे पंख्याचा थरकाप मोठा करून ऐकविते. दर सहा महिन्यांनी, आणि जेथे रस्त्याची धूळ घरात येते तेथे दर तीन महिन्यांनी, जाळी ब्रशाने झाडावी.

काढून ठेवलेली जुनी हार्ड डिस्क टाकून देऊ नये. पाचशे गिगाबाइटची जागा ही लहान गोष्ट नाही. यूएसबीच्या साध्या डबीत बसविली की खेळांच्या व घरच्या छायाचित्रांच्या प्रती ठेवावयास ती चालते, आणि लागेल तेव्हाच जोडावयाची असल्यामुळे तिच्या गुणगुणीचा खोलीला त्रास होत नाही.